स्पॉन्सर व्हावे की समूहाची सेवा करावी? कोल्हापुरातील एए सदस्यासाठी तुलना

अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस (एए) या दारू सोडू पाहणाऱ्यांच्या संघटनेत वर्ष-दीड वर्ष दारूपासून दूर राहिलेल्या सदस्याला मीटिंग संपल्यावर एखादा नवा मित्र थांबवतो आणि "तुम्ही माझे स्पॉन्सर व्हाल का?" असे विचारतो. स्पॉन्सर म्हणजे नव्या सदस्याला एएच्या बारा पायऱ्यांच्या दारूमुक्ती कार्यक्रमातून सोबत नेणारा अनुभवी सदस्य. नकार देणे निष्ठुरपणाचे वाटते, म्हणून पुष्कळदा विचार न करताच होकार दिला जातो. बाराव्या पायरीतील संदेश पोहोचवण्याचे काम मात्र दोन वाटांनी करता येते आणि त्या दोन्हींचा भार सारखा नसतो.

समूहाच्या सेवेत खोली उघडणे, चहा करणे, साहित्य मांडणे, सभा चालवणे, रुग्णालयात दाखल असलेल्या माणसाला दोघांनी मिळून भेटणे अशी कामे येतात. त्यांची वेळ ठरलेली असते आणि एखाद्या आठवड्यात जमले नाही तर दुसरा सदस्य ती उचलतो.

स्पॉन्सरचे नाते एका माणसाशी जडते. चौथ्या पायरीत त्याने लिहिलेला स्वतःचा नैतिक लेखाजोखा पाचव्या पायरीत बहुधा स्पॉन्सरलाच ऐकावा लागतो, आणि त्यातले अक्षरही घरी, अगदी पत्नीजवळसुद्धा, बोलायचे नसते. पेठा, तालमी आणि पाहुणे यांमुळे जिथे प्रत्येक जण कोणाच्या ना कोणाच्या ओळखीचा निघतो, त्या कोल्हापुरात ही अट पाळणे कठीण आहे. म्हणून नात्यातल्या किंवा एकाच कारखान्यातल्या माणसाचे स्पॉन्सर होऊ नये असे माझे मत आहे. शिवाय शिरोली एमआयडीसीत रात्रपाळी करणाऱ्याचा फोन पहाटेच येणार, आणि आखाडाच्या जेवणावळीत मन डळमळले तर तो तिथूनच येणार. तो फोन घेण्याची घरच्यांसह तयारी आहे का, हे आधी विचारावे.

काही गोष्टी मात्र स्पॉन्सरच्या कामात बसत नाहीत. उसने पैसे देणे, नवरा-बायकोच्या भांडणात निवाडा करणे, औषध सांगणे यांपासून त्याने दूर राहावे. रोज भरपूर पिणाऱ्याने दारू अचानक थांबवली तर पहिल्या काही दिवसांत फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो आणि जीवही जाऊ शकतो. अशा माणसाला धीर देत घरी बसवून न ठेवता डॉक्टरांकडे न्यावे. १४४४६ ही व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन दोघांच्याही फोनमध्ये असावी. समुपदेशक प्रशिक्षण घेऊन, पगारावर काम करतो. स्पॉन्सरकडे केवळ स्वतःचा अनुभव असतो.

एवढा भार असूनही ही वाट घ्यावी, याचे कारण एएच्या आरंभातच आहे. १९३५ च्या मे महिन्यात अमेरिकेतील अ‍ॅक्रन येथे एएचे सहसंस्थापक बिल डब्ल्यू. व्यवहार फसून एकटे पडले, तेव्हा त्यांना दारू सोडून जेमतेम पाच महिने झाले होते. पिण्याची ओढ अनावर होऊ लागल्यावर त्यांनी दुसऱ्या मद्यपीचा शोध घेतला आणि त्यांना एएचे दुसरे संस्थापक डॉ. बॉब भेटले. त्याआधी न्यूयॉर्कमध्ये त्यांनी अनेकांसाठी धडपड केली होती; त्यातले कोणी सावरले नव्हते, पण बिल स्वतः प्यायले नव्हते.

समोरचा सावरला नाही तरी मदत करणारा स्वतः सावरलेला राहू शकतो, हे मला उशिरा समजले. माझ्याकडे आलेला पहिला मित्र तीन महिन्यांनी पुन्हा प्यायला, तेव्हा ती माझीच हार आहे असे मानून मी तीन आठवडे मीटिंगला गेलो नाही, आणि त्या दिवसांत मी स्वतःच दारूच्या फार जवळ गेलो होतो. म्हणून वर्षे मोजण्यापेक्षा मी दोन गोष्टी पाहतो: स्वतःची पाचवी पायरी स्वतःच्या स्पॉन्सरपुढे झाली आहे का, आणि समोरच्याची स्लिप, म्हणजे त्याचे पुन्हा पिणे, आपली हार न मानता पचवता येईल का. एकाचेही उत्तर 'नाही' असेल तर आणखी काही महिने सेवाच करावी.

स्त्री सदस्याने स्त्री स्पॉन्सर घ्यावी हा संकेत योग्यच आहे. जवळपास कोणी नसेल तर दुसऱ्या शहरातील अनुभवी भगिनीशी फोनवरून नाते जोडता येते.

दोन्ही उत्तरे 'होय' असूनही मन धजावत नसेल, तर तात्पुरता स्पॉन्सर म्हणून एका महिन्यापुरता होकार द्यावा, फोनच्या वेळा पहिल्याच भेटीत ठरवाव्यात आणि त्याच आठवड्यात आपल्या स्पॉन्सरला हे कळवावे.