सुरीला धार आली का? टॉर्च, कागद, टोमॅटो की नख

दगडावर घासून झालं, सुरी धुतली, पुसली. आता धार आली की नाही हे बघायचं कसं? बरेच जण अंगठा फिरवतात, काही जण हातावरचे केस काढून बघतात, यूट्यूब बघणारे कागद कापतात. प्रत्येक चाचणी वेगळ्याच गोष्टीचं उत्तर देते, म्हणून आपल्याला काय कळून घ्यायचंय ते आधी ठरवावं.

सुरुवात मी टॉर्चने करते. सुरी धार वर करून धरायची, मोबाईलचा उजेड वरून पाडायचा आणि मुठीपासून टोकापर्यंत सावकाश बघत जायचं. बोथट जागी कड सपाट झालेली असते, तिच्यावर उजेड चमकतो आणि केसाएवढी पांढरी रेघ दिसते. धार आहे तिथे काहीच दिसत नाही. माझ्या सुरीच्या टोकाकडच्या दोन सेंटीमीटरवर ही रेघ हमखास राहते, कारण तिथे पातं वळतं आणि घासताना मूठ जराशी उचलायला हवी, ती मी उचलत नाही. ‘अजून घासायला हवं का आणि कुठे’ याचं उत्तर टॉर्चइतकं नेमकं दुसरं काही देत नाही.

खरी निवड आहे ती कागद आणि टोमॅटो यांच्यात.

कागद घ्यायचा तर वर्तमानपत्राचा घ्या. झेरॉक्सचा कागद जाड आणि ताठ, त्यामुळे बेताची धारही त्यातून निघून जाते. वर्तमानपत्राचा पातळ कागद लगेच दुमडतो, म्हणून तो कडक परीक्षक. त्यात एक खोच आहे: वर्तमानपत्र उभं फाडलं तर सरळ फाटतं, आडवं फाडलं तर वेडंवाकडं, कारण कागदाचे तंतू उभे असतात. कापतानाही या दिशेने फरक पडतो. म्हणून दर वेळी एकाच दिशेने कापा, नाहीतर मागच्या वेळेशी तुलनाच करता येणार नाही. पूर्ण पातं मुठीपासून टोकापर्यंत एका ओढीत वापरा आणि कान द्या. सलग ‘सर्र’ आवाज आला तर छान; मधेच अडखळला तर पात्याच्या नेमक्या त्या जागी खाच आहे किंवा दगड नीट लागलेला नाही.

टोमॅटोची साल गुळगुळीत आणि चिवट, आतला गर मऊ. पिकलेला टोमॅटो ओट्यावर ठेवा, सुरी वर नुसती टेकवा आणि दाब न देता मागे ओढा. सालीत शिरली तर काम झालं. घसरली किंवा टोमॅटो दबला तर नाही. १००० ग्रिटच्या (ग्रिट म्हणजे दगडाच्या कणांचा आकडा; आकडा जितका मोठा, तितका दगड बारीक) दगडावर लावलेल्या धारेला अतिसूक्ष्म दाते राहतात, ते सालीला पकडतात. ६००० च्या दगडावर खूप घोटलेली धार कागद रेशमासारखा कापते आणि टोमॅटोवर मात्र कधीकधी घसरते. भाजी चिरायच्या सुरीला मी १००० वरच थांबते.

पण दोन्ही चाचण्या फसवू शकतात. एकदा रविवारी धार लावलेली माझी सुरी वर्तमानपत्र सुरेख कापत होती. बुधवारी टोमॅटोला शिरेना. दगडावर घासताना कडेवर धातूची पातळ झालर उभी राहते, वर्कशॉपमधली माणसं तिला ‘बर’ म्हणतात. ती मी काढलीच नव्हती. ही झालरसुद्धा कागद कापते, केसही काढते, पण थोड्याच वापरात वाकते किंवा तुटते. अंगठा पात्याच्या पाठीकडून धारेकडे, पात्याच्या बाहेर जाईल असा हलकेच फिरवला की एका बाजूला ती खरखरीत लागते. लागली तर अगदी हलक्या हाताने दोन्ही बाजू आलटून पालटून दगडावर फिरवायच्या आणि शेवटी जुन्या जीन्सच्या कापडावर पात्याची पाठ पुढे ठेवून ओढायची. चाचणी त्यानंतर.

टिकाऊपणा बघायची कल्पना कारखान्यांचीही आहे. आयएसओ ८४४२-५ या मानकात वाळूचे कण मिसळलेल्या कागदाच्या पट्ट्या पुन्हा पुन्हा कापून सुरीची धार आणि तिचा टिकाऊपणा मोजतात. घरी एवढंच करा: पहिल्या दिवशी टोमॅटो, मग तीन दिवस रोजची भाजी, मग पुन्हा टोमॅटो.

नखाची चाचणी घाईत चालते: पातं नखावर तिरपं, दाबाशिवाय टेकवायचं; रुतलं तर धार, सरकलं तर बोथट. नखाऐवजी प्लास्टिकचं बॉलपेन घेतलं तर बोटही सुरक्षित राहतं. केसांची चाचणी मी कुणालाच सुचवणार नाही, एक तर झालर असलेली सुरीही तीत पास होते, आणि स्वयंपाकघरात केस कापायचे नसतात. धारेच्या लांबीवरून बोट तर कधीच ओढू नका.

विळी असेल तर टॉर्च तसाच चालतो. टोमॅटो मात्र पात्याकडे न्यायचा, आणि तोही दाब न देता.

एकच चाचणी करायला वेळ असेल तर टोमॅटो. घरात टोमॅटो नसेल तर कोथिंबीर चिरा आणि पाट बघा. बोथट सुरी पानं चेचते, पाटावर हिरवा डाग उमटतो आणि उरलेली कोथिंबीर लवकर काळी पडते. चांगल्या धारेखाली पाट जवळजवळ कोरडाच राहतो.