डोंगा की लाँच?

वैनगंगेवरच्या गोसेखुर्द धरणाच्या फुगवट्यामुळे पलीकडचं गाव डोळ्यांना दिसतं, पण जायला मोठा फेरा. रोजच्या फेरीसाठी दोन पर्याय बोलले जातात.

ढिवरांच्या मच्छीमार संस्थेला काम दिलं तर खर्च थोडका: मोटार लावलेले डोंगे, लाइफ जॅकेट, विमा. जिल्हा नियोजन समितीकडे निधी मागता येतो, माणसंही पाण्याची जाणकार. मात्र मोटारसायकल, दुधाच्या कॅन अन् शाळकरी पोरं एकाच डोंग्यात, हे चालायचं नाही. २०२१ च्या अंतर्देशीय जलयानांच्या कायद्याने यांत्रिक नावेला नोंदणी आणि तपासणी लागतेच.

विजेवरची लाँच देखणी. कोचीची वॉटर मेट्रो २०२३ मध्ये सुरू झाली, पण तिच्यामागे जर्मन बँकेचं कर्ज आणि शहराची गर्दी आहे. आपल्याकडे दुपारी घाटावर कुत्रं नसतं. तिकिटातून हप्ता काय निघणार!

खरा पैसा धक्क्यावर घालावा. धरणाची पातळी वरखाली होते. सिमेंटच्या पायऱ्या कधी बुडतात, कधी पाण्यापासून दूर चिखलात उघड्या पडतात. तरंगता धक्का हवाच. शिवाय नागपूरच्या सांडपाण्यावर माजलेली इकोर्निया, म्हणजे जलपर्णी, नावेच्या पंख्याला गुंडाळते. डोंगेवाला ती हाताने सोडवतो, लाँचला मेकॅनिकची वाट पाहावी लागेल. माझं मत तूर्त डोंग्याला.