गेमिंग खुर्ची की जाळीची?

परभणीचा भाचा विचारतोय, "मामा, रोज आठ तास बसायचंय, कोणती घेऊ?"

१०-१२ हजारांत दोन्ही मिळतात, त्यामुळे पैशाचं सोड. खरा प्रश्न उन्हाचा. आपल्याकडं मे महिन्यात पारा ४० च्या वर. गेमिंग खुर्चीच्या रेक्झिनला सदरा चिकटतो, जाळीतून वारा लागतो. माझ्या गेमिंग खुर्चीचे तिसऱ्या उन्हाळ्यात पापुद्रे निघाले, काळे कण फरशीभर. जाळी फक्त पाठीलाच बघ, बैठक जाड फोमची. स्वस्त जाळीची बैठक झोळीसारखी लोंबते. गेमिंगची कमरेची उशी सारखी सरकते. पाय मात्र दोन्हींत जमिनीला टेकलेच पाहिजेत.

एसी असेल, मध्येच मागं रेलून आडवं व्हायचं असेल त्यानं गेमिंग घ्यावी. पंख्याखाली बसणाऱ्यानं, म्हणजे तू, जाळीचीच.