डेक्कन एक्स्प्रेसचा व्हिस्टाडोम डबा : गती कुणाच्या संदर्भाने?

डेक्कन एक्स्प्रेसला जून 2021 मध्ये व्हिस्टाडोम डबा जोडला गेला, आणि तेव्हापासून त्याच्याविषयी बहुतेकांनी लिहिले ते घाटातील धुके आणि धबधबे यांविषयी. मी मुंबईहून पुण्याला या डब्याने गेले ते वेगळ्या हेतूने. माझी भाची नववीत आहे. तिच्या विज्ञानाच्या पुस्तकातील पहिलाच पाठ गतीच्या नियमांचा असून ‘गती सापेक्ष असते’ हे वाक्य तिला पाठ होते, परंतु पटलेले नव्हते. काचेचे छत, रुंद खिडक्या आणि वळवता येणाऱ्या 44 खुर्च्या असलेला हा डबा त्या वाक्यासाठी उत्तम प्रयोगशाळा ठरेल असे मला वाटले आणि ते खरे ठरले.

दादर सोडल्यावर ठाण्याच्या दिशेने जाणारी एक लोकल शेजारच्या रुळांवर आमच्या बरोबरीला आली. काही क्षण दोन्ही गाड्यांचा वेग सारखा झाला आणि लोकलच्या दारात उभा असलेला तरुण आमच्या खिडकीसमोर जागच्या जागी थबकल्यासारखा दिसू लागला. साध्या डब्याच्या आखूड खिडकीत केवळ ती लोकलच दिसली असती. येथे तिच्या छतावरून मागच्या इमारतीही दिसत होत्या आणि त्या वेगाने मागे सरकत होत्या. तो तरुण स्थिर आहे की धावतो आहे, असे भाचीने विचारले. आमच्या डब्याच्या संदर्भाने तो स्थिर होता, रुळांच्या संदर्भाने धावत होता, आणि यांपैकी एक उत्तर खरे व दुसरे खोटे असे म्हणता येत नाही, कारण कशाच्या संदर्भाने हे सांगितल्याशिवाय प्रश्नच पूर्ण होत नाही. कल्याणला शेजारची गाडी सुटली तेव्हा आमचीच गाडी मागे निघाली असे दोघींनाही वाटले; फलाटाच्या खांबाकडे पाहिल्यावर तो भास गेला. खांबावर विश्वास ठेवायचा ही आपली सोय आहे. खुद्द तो खांबही पृथ्वीच्या अक्षाभोवती ताशी सुमारे 1,580 किलोमीटर वेगाने पूर्वेकडे फिरत असतो.

आर्यभटाने 499 साली हेच नावेच्या दृष्टान्ताने सांगितले आहे. पुढे जाणाऱ्या नावेतील माणसाला काठावरच्या अचल वस्तू मागे जाताना दिसतात, त्याचप्रमाणे स्थिर तारे लंकेतून, म्हणजे त्या काळच्या ज्योतिषात विषुववृत्तावर मानलेल्या ठिकाणाहून, पश्चिमेकडे जाताना दिसतात. आपण रोज ‘कर्जत आले’, ‘लोणावळा आले’ असे म्हणतो तेव्हा गाडीचीच संदर्भचौकट वापरत असतो, हे भाचीला सर्वांत आवडले.

नेरळच्या अलीकडे मोबाइलवरील जीपीएस ताशी 90 किलोमीटर वेग दाखवत होते. तिने एक रुपयाचे नाणे सरळ वर उडवले आणि ते सरळ तिच्याच हातात पडले. नाणे सुमारे 45 सेंटीमीटर वर गेले असेल, म्हणजे ते जवळपास 0.6 सेकंद हवेत राहिले आणि तेवढ्या वेळात गाडी 15 मीटर पुढे गेली. आमच्या दृष्टीने नाण्याचा मार्ग सरळ उभी रेषा होती. रुळांशेजारी उभ्या असलेल्या माणसाला तोच मार्ग 15 मीटर लांबीच्या कमानीसारखा दिसला असता. गॅलिलिओने 1632 मध्ये जहाजाच्या बंद खोलीविषयी जे मांडले ते हेच : वेग आणि दिशा कायम असतील तर आत बसून कोणताही प्रयोग केला तरी आपण थांबलो आहोत की चाललो आहोत हे ठरवता येत नाही.

वेग बदलला की मात्र ही लपवाछपवी संपते, आणि त्यासाठी वळणाऱ्या खुर्च्या फार उपयोगी पडल्या. तिची खुर्ची गाडीच्या दिशेने आणि माझी उलट दिशेने ठेवून आम्ही कर्जतची वाट पाहिली. ब्रेक लागले तेव्हा ती पुढे झुकली आणि मी पाठीमागे खुर्चीत रुतले. डोळे मिटलेले असूनही दोघींना बदल कळला.

कर्जतला मागून ढकलणारी बँकर इंजिने जोडली गेली आणि घाट सुरू झाला, जेथे चढ दर 37 मीटरला 1 मीटरपर्यंत आहे. येथे डोळा खिडकीच्या कडेलाच आडवी रेषा मानू लागतो आणि सरळ वाढलेली झाडे तिरकी दिसू लागतात. अर्धी भरलेली पाण्याची बाटली आम्ही समोरच्या ट्रेवर गाडीच्या दिशेने आडवी ठेवली होती. गाडी सरळ रुळांवर एकसारख्या वेगाने चढत असताना 20 सेंटीमीटर लांबीत पाण्याच्या दोन टोकांमध्ये ट्रेपासून सुमारे 5 मिलिमीटरचा फरक पडला, आणि पाण्याचा पृष्ठभाग ट्रेशी जुळत नसला तरी बाहेरच्या झाडांशी त्याचा काटकोन होता. भाची बराच वेळ आळीपाळीने पाणी आणि झाडे पाहत राहिली. मला या प्रवासातला सर्वांत मोलाचा क्षण तो वाटतो. बोगद्यांत काचा आरशासारख्या होतात आणि बाहेरचा संदर्भच नाहीसा होतो. तेव्हा गती कळते ती केवळ आवाज, धक्के आणि बाटलीतील पाणी यांच्यावरून.

तिकीट साध्या डब्यापेक्षा बरेच महाग आहे. नुसते लवकर पुण्याला पोहोचायचे असेल तर या डब्याची गरज नाही, कारण तोही त्याच गाडीबरोबर पोहोचतो. शाळकरी मुलांना घेऊन जाणाऱ्यांना मी तो खर्च आवर्जून करायला सांगेन. एक अपेक्षा आहे : डब्यात वेग दाखवणारा फलक बसवावा आणि त्यावर ‘जमिनीच्या संदर्भाने’ असे स्पष्ट लिहावे. डेक्कन क्वीनलाही असा डबा आहे, परंतु ती मुंबईहून संध्याकाळी सुटते आणि हिवाळ्यात घाटात अंधार होतो. म्हणून मुंबईहून जाताना सकाळची डेक्कन एक्स्प्रेसच निवडावी, आणि बाटली अर्धीच भरून न्यावी.