पिशवी कुणी उघडून बघितलीच नाही

परवा भाचा आला, म्हणाला मामा दहा हजार दे ना, मॅच लावलीय, आपला बॉलर सॉलिड आहे, समोरच्यांना दोनदा धुतलंय आणि आता ते स्वतःहून मोठी लावू म्हणतायत. ते "दोनदा धुतलंय" ऐकलं आणि माझ्या पोटात गोळाच आला. त्याला सगळं सांगितलं, त्याने किती ऐकलं देव जाणे, पण म्हटलं एकदा नीट लिहून काढू, वीस वर्षं झाली, आता लाज पण जुनी झाली.

आमचं गाव पनवेल-उरण पट्ट्यातलं. भात कापून झालं की दिवाळीनंतर शेतं मोकळी, बांध हीच बाउंड्री, मधे पाणी मारून रोलर फिरवायचा, चुन्याच्या दोन रेषा मारल्या की पिच तयार. नोव्हेंबरपासून पाऊस येईपर्यंत टेनिस बॉलचं क्रिकेट. टुर्नामेंट असायच्याच, एक गाव एक संघ असा नियम, बाहेरचा प्लेअर चालायचा नाही. पण पैशाच्या मॅचला असला काही नियम नव्हता, दोन पार्ट्यांनी पैसे काढायचे, मधल्या माणसाकडे ठेवायचे, जिंकेल त्याने उचलायचे. प्लेअर कुठनं पण आणा.

बघणाऱ्याला वाटतं सहा ओव्हरची मॅच बॅट्समनची असते. आम्ही पैसे लावणारे मात्र बॉलर बघायचो, कारण सहा ओव्हरमध्ये मारायला सगळेच येतात, सरळ बॅटने फेकी (कोपर वाकवून फेकलेल्या) बॉलिंगला पण सिक्स मारणारे गावागावात होते, पण शेवटची ओव्हर टाकून दहा-बारा रन वाचवणारा माणूस शंभरात एक. त्यामुळे बॉलरचाच भाव. चांगला बॉलर मॅचच्या आदल्या रात्री कुठे झोपला, कोणाच्या गाडीतून आला, कोणाबरोबर जेवला याच्यावर पण लोकांचं लक्ष असायचं, आणि आम्ही येडे, आमच्या बॉलरवर लक्ष ठेवायचं आम्हाला सुचलंच नाही.

सुरुवात एकदम निरागस होती हो. संध्याकाळी मॅच संपली की एकच स्टंप गाडायचा, सहा बॉल टाकायचे, जास्त वेळा उडवेल तो जिंकला. वडापाववर, मग पन्नास रुपयांवर, मग पाचशेवर. बाजूच्या गावातला एक दूधवाला यायचा, चाळिशीचा, अनवाणी, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, सायकलला किटल्या तशाच. पहिल्या फेरीत मुद्दाम एक-दोनच उडवायचा, कपाळावर हात मारायचा, म्हणायचा वय झालं रे आता, आणि पैसे दुप्पट झाले की सहातले चार, कधी पाच. आम्ही सगळे ओळखायचो, तरी दर वेळी कोणीतरी नवीन पोरगा लागायचाच त्याच्या गळाला, आणि आम्ही टाळ्या वाजवून हसायचो. त्याच माणसाकडून आम्ही काही शिकलो असतो तर पुढचं झालं नसतं, पण दुसरा फसतो तेव्हा ती करमणूक असते ना.

आमचा लेफ्टी त्या एका स्टंपातच तयार झाला. नाव लिहीत नाही, त्याची पोरं आता मोठी आहेत. नऊ पावलांचा रनअप, टाचेने खूण करून तिथे एक चपटा दगड ठेवायचा, तो दगड दुसऱ्या कोणी हलवला तर शिव्या. वेग फार नाही, पण स्लोअर असा टाकायचा की बॅट फिरून गेल्यावर बॉल पोचायचा. त्यासाठी त्याला केस असलेला बॉल लागायचा, पकड मिळायला, बॉल टकला झाला की अंपायरशी भांडण ठरलेलं, बदलून घेतल्याशिवाय ओव्हर सुरूच करायचा नाही. हे लक्षात ठेवा, पुढे येणार आहे.

आता एवढे पैसे आले कुठनं तर ते पण सांगतो. आमच्याकडच्या जमिनी 1970 नंतर नवी मुंबईसाठी गेल्या, 1984 ला जासईला शेतकऱ्यांचं आंदोलन झालं, गोळीबारात पाच माणसं गेली, त्यानंतर साडेबारा टक्क्यांची योजना आली, म्हणजे गेलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित प्लॉट परत. ते प्लॉट हातात पडून विकायला लागेपर्यंत 2000 साल उजाडलं. ज्या घरात सायकल नव्हती तिथे एकदम मोठी गाडी. सगळ्यांनी उडवले असं नाही, बऱ्याच जणांनी घरं बांधली, पोरं शिकवली, पण काहींच्या खिशात नुसते खुळखुळणारे पैसे होते आणि संध्याकाळ रिकामी. पाचशेची मॅच पाच हजारावर कधी गेली कळलंच नाही. माझा स्वतःचा प्लॉट-बिट काही नव्हता, न्हावा-शेव्याला कंटेनर यार्डात साडेसहा हजार पगारावर क्लार्क होतो, पण हवा सगळ्यांनाच लागली होती.

2005 च्या जानेवारीत एक शेठ आला. पांढरी स्कॉर्पिओ, बोलायला एकदम गोड, वयाने मोठा असून आम्हाला अहो-जाहो करायचा. म्हणाला तुमच्या लेफ्टीचं नाव ऐकलंय, आमची टीम पण बरी आहे, अकरा-अकरा हजाराची एक होऊन जाऊदे. आम्ही चौघे मित्र मिळून पैसे लावायचो. जिंकलो, सहज. शेठने तिथल्या तिथे पैसे मोजले, वर रात्री ढाब्यावर सगळ्या टीमला जेवण. पुढच्या महिन्यात एकवीस हजाराची, परत जिंकलो, शेठ हसत म्हणाला तुमच्या पोराने आमचं दिवाळं काढलं. चौघांच्या वाट्याला दोन मॅचचे मिळून आठ-आठ हजार आले, माझ्या पगारापेक्षा जास्त, एकही बॉल न टाकता. आईला साडी घेतली. बायकोला खोटं सांगितलं की ओव्हरटाइमचे आहेत.

तिसरी मॅच लाख-लाखाची. ही कोणी सुचवली? शेठने नाही. आमच्यातलाच चौथा म्हणाला, आता लोखंड गरम आहे, शेठला राग आलाय, एकदाच मोठी घेऊ आणि बंद करू. प्रत्येकी पंचवीस हजार. मी पतपेढीतून घरदुरुस्तीच्या नावाने चाळीस हजार उचलले, पंचवीस मॅचला आणि पंधरा बाहेरच्या बाहेर त्यांच्या पोरांशी लावायला, कारण खात्रीच होती. पैसे गोळा करायचं काम चौथ्याने अंगावर घेतलं, मधला माणूस म्हणून नाक्यावरचा एक हॉटेलवाला ठरला, तो शेठनेच सुचवलेला, पण चौथा म्हणाला माझ्या ओळखीचा आहे, टेन्शन नको. मॅचच्या सकाळी हॉटेलवाल्याने गल्ल्यामागे दोन पिशव्या दाखवल्या, एक आमची, एक शेठची. आम्ही बघितलं, पिशवी आहे, फुगलेली आहे. झालं समाधान.

मॅच मार्चमधली, डोक्यावर ऊन. आम्ही सहा ओव्हरमध्ये 58, त्यांना पाच ओव्हरनंतर 46, म्हणजे शेवटच्या ओव्हरला 13 पाहिजेत आणि बॉल लेफ्टीच्या हातात. आमच्याकडे तर लोक आधीच नाचायला लागलेले, असल्या ओव्हर त्याने डोळे मिटून वाचवल्या होत्या. पहिला वाइड, लेगला. ठीक आहे, होतं. पुढचा नो बॉल, आणि फुलटॉस, सिक्स. मग एक सिंगल. मग एक जबरदस्त यॉर्कर, डॉट, आमच्या जिवात जीव. मग परत फुलटॉस, कमरेएवढा, चार. तीन लीगल बॉलमध्ये मॅच खल्लास. लेफ्टी खांदा धरून पिचवरच बसला.

आणि आम्ही काय केलं? त्याला धीर दिला. मी माझ्या गाडीवर मागे बसवून डॉक्टरकडे नेला, गोळ्यांचे पैसे मी भरले, रस्ताभर सांगत होतो अरे होतं असं, तू नसतास तर आम्ही इथपर्यंत आलोच नसतो. तो मागे बसून एक शब्द बोलला नाही. मला वाटलं बिचाऱ्याला मनाला लागलंय.

चाळीस हजार फेडायला तीन वर्षं लागली. बायकोला पतपेढीची नोटीस आल्यावर कळलं, तो दिवस वेगळा लिहायला लागेल. चिडून एकदा ओळखीच्या वकिलाकडे गेलो, तेव्हा फसवणुकीचा संशय नव्हता, नुसतं बाहेर लावलेल्या पैशांच्या हिशोबावरनं वाद होता. तो हसला, म्हणाला कराराचा कायदा 1872 चा, कलम 30 वाच, पैजेचा करार रद्दच असतो, जिंकलेले पैसे कोर्टात मागता येत नाहीत, आणि मधल्या माणसाकडे ठेवायला दिलेले पण नाहीत. वर पोलिसात गेलास तर 1887 चा जुगाराचा कायदा तुलाच लागेल. म्हणजे चोराला हे आधीच माहिती असतं की तुम्ही ओरडणार नाही.

मग 2010 चा ऑगस्ट. टीव्हीवर लॉर्ड्सची ती टेस्ट, पाकिस्तानच्या आमिरचा आणि आसिफचा पैसे घेऊन मुद्दाम टाकलेला नो बॉल परत परत दाखवत होते, आमिरचा पाय क्रीझच्या केवढा पुढे. मी जेवत होतो, घास हातात राहिला. लेफ्टीचा पाय असाच पडला होता, वीतभर नाही, चांगला दीड बूट पुढे. नऊ पावलं मोजणारा, दगड ठेवणारा माणूस, खुणेवरूनच धावत आला होता, मी स्वतः बघितलं होतं, मग दीड बूट पुढे कसा जाईल? आणि मग एकेक आठवायला लागलं. त्या ओव्हरला बॉल पूर्ण टकला होता आणि तो एका शब्दाने भांडला नव्हता. एकही स्लोअर टाकला नव्हता. एकच बॉल नीट टाकला, तो यॉर्कर, आम्हाला गप्प ठेवायला. खांदा दुखत होता तर तो यॉर्कर कुठनं आला? पाच वर्षं मी या माणसाची कीव केली. लंडनच्या कोर्टाने त्या बॉलरांना पुढच्या वर्षी आत टाकलं, आमच्याकडे कोण टाकणार.

तरी अर्धंच कळलं होतं. उरलेलं एका हळदीत कळलं. आमच्याकडची हळद म्हणजे तुम्हाला माहितीये, डीजे, मटण आणि बाकी सगळं. तो हॉटेलवाला चांगला टाइट होऊन माझ्या शेजारी बसला आणि म्हणाला, "दादूस, तू ती पिशवी उघडून बगितलीस का कधी?" मी म्हटलं कुठली. तो हसायलाच लागला. शेठच्या पिशवीत वर एक गड्डी आणि खाली पेपराची रद्दी. आणि आमच्या पिशवीत पंच्याहत्तरच होते, तुमच्या चौघांतल्या तिघांचेच आले म्हणाला. चौथ्याने एक रुपया टाकला नव्हता, उलट वाटा घेतला. लेफ्टीला पंधरा हजार दिले.

हे मला सगळ्यात जास्त लागलं, रक्कम नाही, ती साधी गोष्ट. ज्याला माहितीये की आपण हरणारच नाही, त्याला पैसे आणायची गरजच काय? आधीच्या दोन मॅचमध्ये शेठने 32 हजार हरले, ते खरे पैसे होते, तो त्याचा खर्च, त्यावर आम्ही चौकशी करायची बंद केली. म्हणून भाच्याला मी एवढंच विचारलं, समोरच्यांचे पैसे तू मोजलेस का, आणि तुझ्या ग्रुपमध्ये मोठी लावू असं पहिलं कोण बोललं? त्याने दोन्हीची उत्तरं दिली नाहीत, मोबाईल बघत बसला. त्यांचं तर अजून सोपं झालंय, व्हॉट्सअपवर कोणीतरी क्यूआर कोड टाकतो आणि पोरं न बघितलेल्या माणसाला पैसे पाठवतात, मॅच यूट्यूबला लाइव्ह दिसते म्हणून खरी वाटते. चांगला हात असेल तर आता सरळ रस्ता पण आहे, 2024 ला ठाण्याच्या दादोजी कोंडदेव स्टेडियमवर टेनिस बॉलची मोठी लीग झाली, टेनिसवाले बॉलर लिलावात गेले, चेकने पैसे. आमच्या लेफ्टीला ते मिळालं असतं तर, असा विचार येतो आणि मग माझाच मला राग येतो.

तो आता टेम्पो चालवतो. गेल्या मे महिन्यात शेतावर पोरं एक स्टंप खेळत होती, तिथे भेटला, केस पांढरे, पोट सुटलेलं. मी हळदीतलं सगळं सांगितलं, मला वाटलं नाही म्हणेल. तो म्हणाला पंधरातले पाच चौथ्याने परत उसने घेतले, ते अजून दिले नाहीत. मग थोडा वेळ कोणीच बोललं नाही. मग त्याने पोराच्या हातातनं बॉल घेतला, बोटाने केस आहेत का बघितलं, नऊ पावलं मोजली आणि मला म्हणाला, लावतोस का पन्नास?

सहातले तीन उडवले त्याने. मी पन्नास दिले, पण आधी त्याचे पन्नास पोराच्या हातात ठेवायला लावले.