वावरातून परतणाऱ्या वाचकासाठी : गावच्या वाचनालयाचा परिचय

आर्वी तालुक्यातील आमच्या गावचे सार्वजनिक वाचनालय ‘ड’ वर्गाचे, म्हणजे १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमाखाली अनुदान मिळणाऱ्या ग्रंथालयांतील सर्वांत खालच्या पायरीवरचे आहे. खोली एकच आहे आणि कपाटे मोजकी. तरीही ज्याचा सारा दिवस शेतीकामात जातो, त्याच्या हाती पुस्तक टिकवून ठेवण्याचे काम या वाचनालयाइतके नेटाने कोणी करत असेल असे मला वाटत नाही.

सायंकाळी दिवेलागणीनंतर ते उघडे असते, ही त्याची पहिली जमेची बाजू. डवरणी किंवा वेचणी आटोपून आलेल्या माणसाला हीच वेळ सोयीची असते. पुस्तक परत करण्याची तारीख ग्रंथपाल बाई कटाक्षाने पाळायला लावतात आणि माझ्या मते वाचनाची सवय खरी जडते ती या तारखेमुळेच. विकत घेतलेले पुस्तक वर्षभर फडताळात पडून राहू शकते, वाचनालयाचे राहू शकत नाही. डॉ. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली मांडलेल्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांपैकी चौथे सूत्र वाचकाचा वेळ वाचवा असे सांगते. बाईंनी लहान पुस्तके आणि कथासंग्रह दाराजवळच्या वेगळ्या फळीवर लावले आहेत, त्यात मला हे सूत्र प्रत्यक्ष दिसते. हरभऱ्याला ओलित करताना स्प्रिंकलरचे पाइप एका जागेवरून दुसऱ्या जागी हलवेपर्यंत दोन-तीन तास मोकळे मिळतात, आणि धुऱ्यावर बसून तेवढ्या वेळात एखादी कथा निवांत वाचून होते. (वीज रात्रीच्या पाळीला असली, तर रानडुकरांकडे लक्ष ठेवावे लागते, त्या दिवसांत वाचनाचा हट्ट धरू नये.) सोयाबीनच्या सोंगणीच्या काळात सवड अजिबात नसते, आणि तेव्हा वर्तमानपत्राचे एक पान वाचले तरी पुरे.

उणिवाही सांगितल्या पाहिजेत. नवी पुस्तके फार उशिरा येतात, स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांनी बरीच जागा व्यापली आहे आणि स्त्रियांसाठी वेगळी वेळ नसल्यामुळे सायंकाळी त्या क्वचितच येतात. दुपारी दोन तास त्यांच्यासाठी राखून ठेवावेत, अशी माझी कळकळीची सूचना आहे. मुलांसाठीच्या साहित्याची कमतरता ‘किशोर’ मासिकाने काही अंशी भरून निघू शकेल. बालभारतीने १९७१ पासून चालवलेल्या या मासिकाचे जुने अंक इंटरनेटवर विनामूल्य वाचता येतात, आणि वाचनालयातील संगणक त्यासाठी सहज वापरता येईल.

सभासद होण्यासाठी आधार कार्डाची प्रत, अनामत रक्कम आणि अल्प मासिक वर्गणी एवढेच लागते. सभासदत्व सोडताना अनामत परत मिळते.