टाँटीन की ॲन्युइटी?

टोरंटोच्या माझ्या मामांना प्रश्न पडला आहे, की निवृत्तीची पुंजी विमा कंपनीच्या ॲन्युइटीत (एकरकमी पैसे भरून आयुष्यभर ठरलेले उत्पन्न देणारी योजना) घालावी की कॅनडात २०२१ पासून मिळणाऱ्या टाँटीन पद्धतीच्या, म्हणजे मरण पावलेल्या सदस्यांचा वाटा हयात सदस्यांना देणाऱ्या, फंडात.

टाँटीनचे मर्म इंग्लंडच्या १६९३ च्या सरकारी कर्जात दिसते. प्रत्येक १०० पौंडांवर १७०० सालापर्यंत १० टक्के आणि नंतर ७ टक्के व्याज होते. ज्यांच्या आयुष्यावर पैसे लावले होते त्यांपैकी जे मरण पावत, त्यांचा वाटा उरलेल्यांत वाटला जाई, म्हणजे निम्मे गेल्यावर ७ पौंडांचे १४ होत. आजचा फंड उत्पन्नाचा मोठा भाग असा उतारवयासाठी राखून ठेवत नाही. तो सुरुवातीपासूनच बऱ्यापैकी रक्कम देतो, मात्र गुंतवणुकीचा परतावा आणि सदस्यांचे मृत्यू यांनुसार ती कमी-जास्त होऊ शकते.

हमीच्या कसोटीवर ॲन्युइटी निःसंशय सरस आहे, कारण लोक अपेक्षेपेक्षा जास्त जगले तरी तो भार कंपनी उचलते. टाँटीनमध्ये तो सदस्यांवरच पडतो. तिथे हमीची किंमत मोजावी लागत नाही, म्हणूनच, फंडाचा खर्च वाजवी असल्यास, तिथे सरासरी उत्पन्न अधिक मिळण्याची शक्यता राहते. पैसे काढण्याच्या बाबतीत ॲन्युइटी सहसा कुलूपबंद असते. या फंडातून बाहेर पडता येते, पण वाढलेला नफा मागे सोडावा लागतो. वारसांना ॲन्युइटीतून सहसा फारसे मिळत नाही आणि फंडातूनही वाढलेला नफा मिळत नाही, हे कुटुंबाला आधीच सांगावे.

घरखर्च याच रकमेवर चालणार असेल, तर ॲन्युइटी घ्यावी. मामांसारखे ज्यांचे मूळ खर्च सरकारी पेन्शनमधून भागतात आणि प्रकृती चांगली आहे, त्यांनी पुंजीचा काही भाग टाँटीनमध्ये ठेवण्यास हरकत नाही.